दारातला आरसा

52,400 रुपये. फेंगशुईच्या, म्हणजे घराच्या मांडणीच्या चिनी शास्त्राच्या, नादात एवढे घालवले. आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की बाई उगाच शंभर-दोनशेच्या माळेसाठी रडतेय.

आमचा फ्लॅट डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. पॅसेजच्या एका बाजूला आमचं दार आणि बरोब्बर समोर शेजारच्या वहिनींचं. आमचं दक्षिणेकडे तोंड करून, त्यांचं उत्तरेकडे. बावीस वर्षं ही दारं एकमेकांकडे बघतायत आणि दोन्हीकडची दुपारभर उघडीच असायची. डाळीच्या वाट्या इकडून तिकडे जात.

2024 च्या मे महिन्यात गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात फेंगशुईच्या एका स्टॉलवर मी थांबले. ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन दोन महिने झाले होते. स्टॉलवरच्या माणसानं विचारलं, "काकू, घरात सगळे बरे आहेत ना?" एवढ्यानंच मी ह्यांच्या हृदयापासून मुलाच्या लांबलेल्या लग्नापर्यंत सगळं सांगून बसले. त्याला काही ओळखावं लागलंच नाही. घरभेट मोफत, फक्त प्रवासखर्चाचे 500.

तो आला आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यानं जे सांगितलं ते सोळा आणे खरं होतं. दारातला चपलांचा ढीग उचला. पॅसेजमधला मिणमिणता बल्ब बदला. दार कुरकुरतंय, बिजागऱ्यांना तेल घाला. बेल चालत नाही, ती दुरुस्त करा. दारामागची जुन्या पेपरांची रद्दी काढा, दार पूर्ण उघडलं पाहिजे. फेंगशुईत मुख्य दाराला ऊर्जेचं तोंड म्हणतात. ते कोंदट नको, अंधारं नको. आम्ही सगळं केलं. घरात पाऊल टाकताना खरंच प्रसन्न वाटायला लागलं. माझी सासू उंबरठा पुसून, रांगोळी काढून, संध्याकाळी दिवा लावून हेच करायची, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटलं, माणूस जाणकार आहे. माझी खरी फसगत इथंच झाली.

दुसऱ्या भेटीत त्यानं लुओपान, म्हणजे फेंगशुईचं होकायंत्र, आणलं. लाकडी चौकटीत गोल तबकडी, मधोमध चुंबकसुई, वर लाल दोऱ्यांची फुली आणि चिनी अक्षरांची वर्तुळं. ते त्यानं आमच्या लोखंडी सेफ्टी डोअरला टेकवून धरलं आणि म्हणाला, 194 अंश. अहवालाचे 5,100.

मी घाबरतच म्हटलं, "दक्षिणेचं दार वाईटच ना? यमाची दिशा." तर हसून म्हणाला, "काकू, ते वास्तुशास्त्र. फेंगशुईत दक्षिण उत्तम." हे खोटं नाही. चीनमध्ये थंडगार वारे उत्तरेकडून येतात आणि ऊन दक्षिणेकडून, म्हणून जुनी घरं दक्षिणेला तोंड करून असतात. बीजिंगच्या राजवाड्याचं मुख्य द्वारही दक्षिणेलाच आहे. मला इतकं हायसं वाटलं की सांगता सोय नाही. बावीस वर्षांची धाकधूक त्यानं एका वाक्यात काढली आणि पुढच्या वाक्यात नवी घातली. "दक्षिण म्हणजे अग्नी. अग्नी म्हणजे हृदय. आणि समोर बघा, उत्तरेचं दार. उत्तर म्हणजे पाणी. पाणी तुमचा अग्नी विझवतंय."

ह्यांच्या छातीकडे बघत त्यानं हे म्हटलं. यावर कोणती बायको हिशोब करत बसेल?

साहित्याचे 21,800 झाले. चौकटीवर आठ बाजूंचा बागुआ आरसा, दारात सहा नळ्यांची पवनघंटा, लाल दोऱ्यातली तीन नाणी, उंबरठ्याखाली पितळी पट्टी. आणि जेडच्या म्हणून दोन हिरव्या मूर्ती, पी याओ नावाच्या चिनी कल्पित प्राण्याच्या, त्यांचेच 14,500. भाच्यानं दिलेला लाफिंग बुद्ध होता, तो "मृत" ठरला. कारण 2004 ते 2023 हा आठवा काळ संपून फेब्रुवारी 2024 पासून वीस वर्षांचा नववा काळ सुरू झालाय. ही काळांची मांडणी त्या शास्त्रात आहे, पण काळ बदलला म्हणून मूर्ती शिळी होते ही त्याची स्वतःची भर. शिवाय दर फेब्रुवारीला तारे फिरतात, म्हणजे दरवर्षी त्याची भेट आलीच.

आरसा अर्थातच वहिनींच्या दारावर रोखलेला. त्यांनी विचारलं तर "सजावटीचा आहे" म्हणायचं, हेही त्यानंच शिकवलं होतं. मी तसंच म्हटलं. दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या चौकटीवरही आरसा आला. त्याही म्हणाल्या, "सजावटीचा." मग दुपारची दारं बंद राहू लागली. मी त्यांच्याकडून विरजण मागायचं सोडलं. ह्यांच्या छातीत जरा जडपणा आला की माझी नजर समोरच्या दाराकडे जायची. पैशांचं दुःख आहेच, पण ते तीन महिने आठवले की मला माझीच लाज वाटते.

दिवाळीनंतर तो म्हणाला, आरसा पुरत नाहीये, चौकटच थोडी तिरकी करावी लागेल. त्याचा माणूस येईल, आगाऊ 25,000. पैसे यूपीआयनं एका बाईच्या नावावर पाठवले. माणूस आलाच नाही. सोसायटीच्या परवानगीशिवाय चौकटीला हात लावता येत नाही, हे सेक्रेटरींनी मला नंतर सांगितलं, तेही चिडून.

संक्रांतीला मी हळदीकुंकवाला वहिनींना बोलावलं, न बोलावून कसं चालेल म्हणून. त्या आल्या, वाण घेतलं, जाताना दारात थबकून वर बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या आरशालाही खाली तोच निळा स्टिकर आहे." आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. मग त्या घरात जाऊन त्यांचा अहवाल घेऊन आल्या. 34 पानं, माझीही 34. त्यांना त्यानं सांगितलं होतं की आमचा अग्नी त्यांचं पाणी आटवतोय, म्हणून मुलाची नोकरी गेली. पंचतत्त्वांचं जे चक्र त्यानंच आम्हा दोघींच्या अहवालात छापलं होतं, त्यात पाण्याला आवरते ती माती, अग्नी नव्हे. आणि त्यांच्या एकोणिसाव्या पानावर आडनाव माझं राहून गेलं होतं.

वहिनी आधी हसल्या, मग रडल्या. तिळगूळ तसाच हातात.

भाचा इंजिनियर. त्यानं होकायंत्र आणून दाराशी, हातभर अंतरावर आणि पॅसेजच्या मध्यावर धरलं: 194, 211, 183. लोखंडाजवळ सुई ओढली जाते, हे शाळेत शिकवतात. लुओपानवर 24 भाग असतात, प्रत्येक 15 अंशांचा. एवढ्या फरकानं अख्खा अहवाल दुसराच व्हायला हवा. पी याओला तापलेली सुई टोचली तर ती आत गेली आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला. जेड दगड आहे, त्यात सुई जात नाही.

पावती एकही नव्हती. "दक्षिणा म्हणून द्या काकू, बिल केलं की गुण जातो," असं तो म्हणायचा आणि मी मान डोलवायचे. उपयोगी पडले ते यूपीआयचे व्यवहार आणि व्हॉट्सअॅपवरचे त्याचे मेसेज. ते मी रागाच्या भरात उडवणार होते, भाच्यानं थांबवलं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथून कळलं की जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आम्ही दोघींनी मिळून आधी नोटीस पाठवली. आठवड्याभरात त्याचा फोन, आवाज एकदम मऊ: "काकू, आपल्यात कोर्टकचेरी कशाला?" चौकटीच्या पैशांतले 15,000 परत आले, वहिनींचे 8,000. बाकीच्यासाठी तक्रारीचे कागद तयार आहेत.

ज्यांना फेंगशुई मानायचंय त्यांनी मानावं, मी वाद घालणार नाही. पण घरी येणाऱ्याला आजारपण आधी सांगू नका. आणि तो शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायला लागला, की त्याच दिवशी शेजाऱ्याकडे चहाला जा.

आरसे काढले, चौकटीवर चार-चार भोकं राहिलीत. वहिनींनी त्यांच्या भोकांवर आंब्याच्या पानांचं तोरण लावलंय. माझी अजून बुजवायची आहेत. नवा बल्ब मात्र तसाच ठेवलाय, तो छान उजेड देतो.