सरकारी रोजगार मेळावा : फुकट आहे, पण तयारीनिशी जा

पुण्यात महास्वयंमवर (राज्य सरकारचं रोजगार पोर्टल) नोंदणी करून जाता येणारे सरकारी रोजगार मेळावे उमेदवाराला मोफत असतात. एखाद्या टेबलावर 'डिपॉझिट' किंवा 'ट्रेनिंग फी' मागितली, तर तिथून सरळ उठा.

नोंदणी आदल्या दिवशीच उरका. नोंदणीत दिलेला मोबाइल बंद असेल तर ओटीपी येत नाही आणि सगळं तिथेच अडतं. प्रोफाइलमध्ये शिक्षण अर्धवट भरलं, तर पात्र जागाही कदाचित यादीत दिसणार नाहीत.

बायोडेटा एका पानाचा, १० प्रती. आयटीआयवाल्यांनी ट्रेड, उत्तीर्ण वर्ष आणि चालवता येणारी मशीनं वरच्या तीन ओळींतच लिहावीत, कारण टेबलावरचा माणूस त्यापुढे क्वचितच वाचतो. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, ताब्यात देऊ नका.

खरा घोळ असतो पगाराचा. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतल्या जागा बऱ्याचदा ठेकेदारामार्फत भरतात, म्हणून 'पगारपत्रक कोणाचं, कंपनीचं की ठेकेदाराचं?' हे पहिल्यांदा विचारा. मग हातात किती पडेल ते. मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) जातो; एकूण पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर त्यातून ०.७५ टक्के ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा). अप्रेंटिसला मात्र विद्यावेतन मिळतं, त्यातून पीएफ कापत नाहीत. कंपनीची बस कुठून सुटते, हेही विचाराच. हडपसरहून चाकणला रोजची ये-जा म्हणजे अर्धा जीव रस्त्यात.

दुपारनंतर मुलाखत घेणारे कंटाळलेले असतात, म्हणून सकाळीच गाठा. पदवीधरांसाठी पर्याय तुलनेने कमी. आयटीआय, डिप्लोमावाल्यांसाठी मात्र मेळाव्याला पाचपैकी चार तारे.