मॉरिशस की रियुनियन? डोंगर आणि पाखरांसाठी जाणाऱ्या नाशिककरांना

मॉरिशसचं बुकिंग व्हायला आलं की आपल्या ट्रेकर आणि पक्षीवेड्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "शेजारच्या रियुनियनला जाऊ का त्याऐवजी?" दोन्ही बेटं ज्वालामुखीची, मध्ये पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास समुद्र, विमानाने पाऊण तास. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. किनारा आणि पाण्यातले खेळ हवे असतील तर मॉरिशस घ्या, पुढे वाचायचीही गरज नाही. रियुनियनमध्ये शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३पासून ठरावीक सुरक्षित जागा सोडल्या तर समुद्रात उतरायला बंदीच आहे. मी लिहितोय ते जमीन, जंगल आणि जनावरांपुरतं.

नाशिकच्या माणसाला या दोन बेटांचं एक वेगळं अप्रूप असायला हवं. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तो ज्या तप्तबिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येतो त्या जागेतून, बाहेर पडला, तोच आज रियुनियनच्या खाली धगधगतोय. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आला आणि तप्तबिंदू मागे राहिला. मग मालदीव झाले, पुढे मॉरिशस झालं आणि सगळ्यात शेवटी रियुनियन. मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांचं, केव्हाच निवलेलं. तिथे क्युरपीप गावात त्रू ओ सेर्फचं विवर आहे, आत झाडी माजलीय. रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ मात्र जगातल्या सर्वात जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. २००७च्या उद्रेकात त्याच्या माथ्यावरचं विवर तीनशे मीटरहून जास्त खचलं.

आता जनावरं. इथे मॉरिशसचं पारडं जड आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. डोडो गेला, पण त्यानंतर या देशाने जे वाचवलं त्याला तोड नाही. १९७४मध्ये मॉरिशस केस्ट्रेल हे छोटे शिकारी पक्षी रानात फक्त चार उरले होते. आज हा पक्षी बेटावर पुन्हा उडतोय. गुलाबी कबुतराचीही तीच कथा. माहेबूर्गजवळून छोट्या बोटीने इल ओ एग्रेतला जाता येतं. ते बेट ज्वालामुखीचं नाही, प्रवाळाच्या चुनखडीचं आहे, पण ते चुकवू नका. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे लोक स्वतः फिरवून दाखवतात. मूळची राक्षसी कासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून त्यांच्या जागी अल्दाब्रा बेटांवरची आणून सोडलीत. ही कासवं आबनूसची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बिया पसरतात आणि नवी रोपं उगवतात. गाइडने वाकून पानांखालचं बोटभर रोप दाखवलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

तरीही माझं मन रियुनियनकडे झुकलं, आणि त्याला कारण झालं घड्याळ.

मॉरिशसचा पर्यटकाचा दिवस नऊला सुरू होतो. हॉटेलात नाश्ता, मग गाडी, मग पहिला थांबा जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींच्या दुकानात. आम्हाला घ्यायचं काही नव्हतं, पण ड्रायव्हर तिथे अर्धा तास थांबणारच. पुढे आणखी एक दुकान, मग चहाची चव घ्यायची जागा. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या दरीच्या कठड्यापाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. नांदूर मध्यमेश्वरला पहाटेच्या धुक्यात जाऊन उभं राहणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको, भर दुपारी रानात काय दिसतं ते. शामारेलची सप्तरंगी माती खरंच सुंदर आहे, पण तीही कठड्याबाहेरून, शंभर मोबाइलच्या गर्दीत. आम्ही "उद्या पहाटे पाचला निघू" म्हटलं, तर समोरून नुसतं हसून उत्तर आलं. ही गोष्ट मला रोज खटकत राहिली. स्वतः गाडी भाड्याने घेतलीत तर हा त्रास बराच कमी होईल. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

रियुनियनमध्ये उलट. सकाळचे नऊ-दहा वाजले की ढग चढून डोंगर गिळायला लागतात, त्यामुळे सगळं बेटच अंधारात उठतं. मायदोच्या कड्यावर आम्ही सूर्योदयाआधी पोचलो, तर आधीच माणसं थर्मास उघडून बसलेली. खाली माफातची दरी. तिथल्या वस्त्यांना गाडीरस्ताच नाही. पायी जा, नाहीतर हेलिकॉप्टरने. ढग हा अनेकांना रियुनियनचा मोठा दोष वाटतो. ज्याला पावसाळ्यात हरिहर करायची सवय आहे, त्याला तो वाटू नये.

फुर्नेझच्या कड्यावरच्या पा द बेलकोंबहून शेकडो पायऱ्या उतरून ज्वालामुखीच्या तळावर चालता येतं. वाटेवर पांढऱ्या रंगाच्या खुणा असतात, त्या सोडायच्या नाहीत. गोठलेला लाव्हा कुठे दोरखंडासारखा पिळलेला, कुठे त्याची काचेसारखी पातळ पापडी बुटाखाली कुरकुरत फुटते. आतून छिद्रंच छिद्रं. अंजनेरीच्या दगडातही ती पुटकुळ्यांची छिद्रं दिसतात, फक्त तिथे ती कोट्यवधी वर्षांत स्फटिकांनी भरून गेलीत. उद्रेकाची चिन्हं दिसली की ही वाट बंद करतात, तेव्हा एक दिवस हाताशी राखून ठेवा.

पक्षी मोजके, पण धीट. तेकतेक म्हणजे आपल्या गप्पीदासाचा भाऊबंद, पायवाटेवर हातभर अंतरावर येऊन बसतो. पापांग हा तिथला भोवत्या. बेटावर पिल्लं वाढवणारा तो एकमेव शिकारी पक्षी. साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये गेलात तर किनाऱ्यावरूनही हंपबॅक देवमासे दिसू शकतात.

अडचणी आहेतच. रियुनियन फ्रान्सचा भाग आहे, पण युरोपचा नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. नियम आधी नीट तपासा. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. रियुनियनमध्ये खर्च युरोत, इंग्रजी जवळजवळ कुणी बोलत नाही, गाडी उजवीकडून, आणि डोंगरातल्या सिलाओस गावच्या घाटात शेकडो वळणं. कसाऱ्याचा घाट त्यापुढे सरळ वाटतो. डोंगरातल्या मुक्कामी जेवणात मांस असतं, शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. भात आणि सिलाओसची मसूर मिळते, पोट भरतं. मॉरिशसमध्ये ही चिंताच नाही. ढोल पुरी गल्लीगल्लीत मिळते आणि गणेश चतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी असते.

सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील तर मॉरिशस बरं पडेल, असं मला वाटतं. गुडघे शाबूत असतील आणि पहाटे उठायची तयारी असेल तर मी रियुनियन म्हणेन. दोन्ही जमत असेल तर आधी मॉरिशसला दोन दिवस, त्यातली एक सकाळ इल ओ एग्रेतला, आणि उरलेली सगळी सुट्टी रियुनियनला द्या. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने, ते टाळा. आणि मे महिन्यात जाणार असाल तरी जाड जॅकेट घ्या; पा द बेलकोंब कळसूबाईहून साडेसहाशे मीटर उंच आहे आणि तिथे पहाटे बोटं आखडतात.