माल्टा–गोझो फेरीबोट: जाताना तिकीट नाही, परतताना आहे

माल्टा देशात माणसं राहतात ती बेटं तीन: माल्टा २४६ चौरस किलोमीटर, गोझो ६७ आणि मधलं कोमिनो जेमतेम साडेतीन. माल्टा आणि गोझो यांच्यामध्ये ना पूल ना बोगदा. भाजीपाल्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत सगळी वाहनं गोझो चॅनल कंपनीच्या फेरीबोटीनेच (पुढे नुसतं फेरी) जातात. एवढा भार पेलूनही ही सेवा चोवीस तास चालते, त्यामुळे तिला चांगले गुण द्यावेच लागतात.

माल्टाच्या बाजूच्या चिरकेवा धक्क्यावर तिकीट खिडकी शोधत बसू नका. सरळ चढा. पैसे परतताना, गोझोच्या इमजार बंदरात द्यायचे: पायी प्रवाशाला ४.६५ युरो, गाडी आणि चालक मिळून १५.७० युरो. हे जाण्यायेण्याचं भाडं आहे. गोझोला गेलेल्याला शेवटी परतायचंच असतं, म्हणून एकाच बाजूला वसुली केली की काम भागतं.

प्रवास साधारण पंचवीस मिनिटांचा. गोझोकडे जाताना उजव्या बाजूला उभे राहा; कोमिनो आणि त्यावरचा १६१८ सालचा सांता मारिया बुरूज तिकडूनच दिसतो.

खरी डोकेदुखी गाड्यांची. जागा आधी राखून ठेवता येत नाही, जो आधी आला तो आधी चढला. रविवारी संध्याकाळी आणि सुट्टी संपताना इमजारची रांग बंदराबाहेर चढावर जाते आणि एखादी बोट डोळ्यांदेखत निघून जाते. पायी प्रवाशांना हा त्रास जवळपास नाहीच. एका दिवसासाठी गोझो बघायचं असेल तर भाड्याची गाडी माल्टातच ठेवा.

चिरकेवाला बसने येणाऱ्यांसाठी: राजधानी व्हॅलेटाहून ४१ किंवा ४२ नंबरची, विमानतळाहून एक्स-१. व्हॅलेटाहून तासाभराहून जास्तच धरा. बसचं सुटं तिकीट दोन तास चालतं, पण रस्त्यात गाड्यांची कोंडी आणि मग फेरीची वाट बघणं यात ते बहुधा इमजारला पोचण्याआधीच संपतं. इमजारहून ३०१ किंवा ३२३ पकडून गोझोचं मुख्य शहर व्हिक्टोरियाला जा (स्थानिक लोक रबात म्हणतात, गोंधळू नका). गोझोच्या बहुतेक बसेस तिथूनच फुटतात, म्हणून द्वेजराच्या किनाऱ्यावर जायचं तर आधी तिथे जाणं आलंच. द्वेजराची प्रसिद्ध दगडी कमान मात्र मार्च २०१७च्या वादळात कोसळली. जुने फोटो बघून जाऊ नका.

२०२१ पासून व्हॅलेटा ते इमजार वेगवान बोटही आहे, सुमारे ४५ मिनिटांची, फक्त पायी प्रवाशांसाठी. व्हॅलेटात मुक्काम असेल तर बसचा कंटाळवाणा प्रवास वाचतो. तिचं भाडं मात्र दोन्ही दिशांना वेगळं लागतं, आणि समुद्र खवळला की रद्द होण्यात पहिला नंबर तिचाच. जाताना मोठी फेरी आणि परतताना वेगवान बोट घेतली, तर मोठ्या फेरीचे पैसे द्यावेच लागत नाहीत. पण त्या दिवशी वारा जोराचा असेल तर हा हिशेब मांडू नका. आणि रात्री विमान असेल तर मोठ्या फेरीनेच या.