हँडब्रेक: जुन्या हँडीकॅम कॅसेट्सवरच्या दातेरी रेघांसाठी फुकटातला इलाज

निकाल आधीच सांगते. घरच्या कॅसेट्ससाठी हँडब्रेक हे व्हिडिओ फाईल बदलून देणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे, फक्त दोन-तीन सेटिंग्ज बदलावी लागतात. ती न बदलता वापरलंत तर निम्मी हालचाल हातची जाईल.

आमच्याकडे गिरगावातली पाडव्याची शोभायात्रा, चाळीचा गणपती आणि मुलांच्या मुंजी असं सगळं मिनी-डीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेट्सवर आहे. कॅमेरा पाल पद्धतीचा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोघांत १/५० सेकंदाचं अंतर. जुना डबा टीव्ही ही अर्धी चित्रं एकामागून एकच दाखवायचा, त्यामुळे तिथे काही खटकायचं नाही. लॅपटॉपवर मात्र दोन्ही एकदम येतात. मखर, तोरण, भिंती स्वच्छ दिसतात आणि लेझीम खेळणाऱ्या बायकांच्या हातांना फणीचे दात फुटतात.

उपनगरातल्या एका दुकानातून आधी हे काम करून घेतलं होतं. त्यांनी दात घालवले, पण दोन्ही अर्धी चित्रं एकमेकांत कालवून. ढोलावर पडणाऱ्या एका टिपरूची दोन पुसट टिपरं झाली. मूळ डीव्ही फाईल (कॅसेटवरचं चित्रण जसंच्या तसं) मागितली तर म्हणे, "ती आम्ही ठेवत नाही, मॅडम." आणि एकदा कालवलेलं पुन्हा नीट वेगळं होत नाही. म्हणून दुकानात कॅसेट देणार असाल तर मूळ फाईलच मागा आणि पेन ड्राइव्ह नको, हार्ड डिस्क न्या. तासाभराच्या कॅसेटला साधारण १३ जीबी लागतात.

मी शेवटी लॅमिंग्टन रोडवरून जुनं फायरवायर कार्ड (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायला लागतं ते) आणून घरच्या डेस्कटॉपला लावलं (सोनीच्या कॅमेऱ्यावर याच पोर्टला आयलिंक लिहिलेलं असतं) आणि सगळं पुन्हा उतरवून घेतलं.

आता हँडब्रेक. फाईल उघडा, फिल्टर्समध्ये जा, डीइंटरलेससाठी (म्हणजे हे दात काढण्यासाठी) बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर निवडा. नाव भयंकर आहे, त्याला इलाज नाही. त्याच्या शेजारच्या प्रीसेटमध्ये 'डीफॉल्ट' ऐवजी 'बॉब' घ्या आणि व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ५० करा. डीफॉल्टवर ठेवलं तर दोन अर्ध्या चित्रांतून एकच फ्रेम तयार होते. बॉबमध्ये प्रत्येक अर्ध्या चित्राची स्वतंत्र फ्रेम होते. फरक लेझीमच्या फेऱ्यात लगेच कळतो: डीफॉल्टवर हात टप्प्याटप्प्याने सरकतात, बॉबवर सरसर फिरतात. माझ्या आईला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी तिने दुसराच बरा म्हटला.

चित्राची लांबी-रुंदी वाढवायचा मोह असेल तर तो या कामानंतर. आधी उंची बदलली की सम-विषम ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग कुठलाही फिल्टर काही करू शकत नाही.

उणीव एकच, पण डोळ्यांत भरणारी. चाळीच्या गॅलरीच्या कठड्याच्या आडव्या पट्ट्या बॉबनंतर सतत लवलवतात. नऊवारीच्या काठांचंही तेच. त्यावर उतारा आहे क्यूटीजीएमसी, अ‍ॅव्हीसिंथ या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली स्क्रिप्ट. ती आजूबाजूच्या फ्रेममधली हालचाल मोजून गाळलेल्या ओळी भरते, त्यामुळे कठडा स्थिर राहतो. हायब्रिड नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून ती चालवता येते, पण त्याचा स्क्रीन म्हणजे नुसती बटणांची गर्दी, आणि जुना डेस्कटॉप रात्रभर घरघरत राहतो. मुंजींसाठी मी तो त्रास घेतला. मिरवणुकीसाठी घेतला नाही, तिथे कठड्याकडे बघतो कोण!

हँडब्रेकला पैसे पडत नाहीत. कुणी मागत असेल तर ती साइट त्यांची नव्हे. खरी साइट हँडब्रेक डॉट एफआर.