कॅमेऱ्याची बॉडी दुबईहून आणायची की संभाजीनगरात घ्यायची?

नांदेड-परभणीकडच्या फोटोग्राफर मंडळींत कुणी दुबईला निघालं की फर्माईश ठरलेली: येताना एक बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊन ये, तिकडं स्वस्त मिळते. मिळतेही. पण दुकानातली किंमत आणि घरी पोहोचेपर्यंतची किंमत यांत बरंच अंतर पडतं, आणि वस्तू जितकी महाग तितकं ते वाढतं. माझं मत आधीच सांगतो. लग्नाच्या कामाची बॉडी इथंच घ्या. छोटी लेन्स, फिल्टर, ट्रायपॉडचं हेड असलं काही बाहेरून आणायला हरकत नाही.

हिशेब मांडून बघा. समजा एक बॉडी इथं जीएसटीसकट २ लाखांना आहे आणि दुबईत व्हॅट धरून १ लाख ७५ हजारांना. तिकडचा व्हॅट ५ टक्के. पर्यटकाला त्यातला बहुतांश परत मिळतो, थोडं शुल्क कापतात. हाती येतात साधारण ७ हजार. पण पैसे कार्डानं दिले असतील तर बऱ्याच बँका परकीय चलनापायी साडेतीन टक्के लावतात आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. तेही ७ हजारांच्या वरच जातात. म्हणजे व्हॅटचा परतावा बँकेच्या घशात! मशीनवर ‘रुपयांत देणार का’ असं विचारलं तर नको म्हणा, दिरहॅमच निवडा; रुपयांचा तो दर बहुधा आणखी महाग पडतो.

पुढं मुंबई नाहीतर हैदराबादचा विमानतळ. २०१६ च्या बॅगेज नियमांत ५० हजारांपर्यंतच्या सामानाला माफी होती आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क. हे आकडे सरकार बदलतं, म्हणून तिकीट काढतानाच कस्टम्सच्या संकेतस्थळावर चालू मर्यादा बघून ठेवा. ५० हजारांची मर्यादा धरली तर उरलेल्या १ लाख २५ हजारांवर ४८ हजार १२५ रुपये लागतात आणि बॉडी जाते सव्वादोन लाखांच्या घरात. मर्यादा २५ हजारांनी वाढवून धरली तरी ती २ लाख १३ हजारांना पडते. नवरा-बायको दोघं असले तरी दोघांची माफी जोडून एका वस्तूला लावता येत नाही.

‘खोकं तिकडंच फेक, गळ्यात अडकवून ये’ असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. सल्ला देणारा विमानतळावर सोबत नसतो. घोषणा न करता हिरव्या मार्गानं (शुल्क लागेल असं काही नाही म्हणणाऱ्यांची वाट) निघालात आणि अडवलं, तर शुल्क तर जातंच, वर दंड आणि जप्तीचीही भीती.

उलट बाजूला इथला व्यवहार बघा. तुमच्या स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल तर स्टुडिओच्या नंबरावर बिल घ्या. २ लाखांत साडेतीस हजार जीएसटीचे असतात. भरायच्या करातून ते वजा करता येतात. म्हणजे खरी किंमत १ लाख ६९ हजारांच्या आसपास, विमानात न बसता. शिवाय हप्ते होतात, जुनी बॉडी देऊन नवी घेता येते.

आणि वॉरंटी. बॉडीची वॉरंटी बहुतेक कंपन्या ज्या देशात विकली तिथंच मानतात. आपल्याकडं मे महिन्याच्या लग्नसराईत कॅमेऱ्यावर काय काय पडतं ते सांगायला नको: धूळ, हळद, अक्षता, वरून चाळीसच्या पुढचं ऊन. शटर गेलं आणि दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईत लग्न असेल, तर ओळखीचा दुकानदार दोन दिवसांसाठी जुनी बॉडी काढून देतो. दुबईचं बिल घेऊन कुणाकडं जाणार?

लेन्सचं गणित वेगळं. माफीच्या मर्यादेत बसली तर शुल्काचा प्रश्न नाही, आत इलेक्ट्रॉनिक्सही कमी. निकॉनसारख्या काही कंपन्या लेन्सला जगभराची वॉरंटी देतात. वॉरंटी कार्ड दुकानातच उघडून वाचा. पैठणच्या नाथसागरावर पक्षी टिपायला लांब लेन्स हवी असणाऱ्यांचा मात्र यानं फायदा नाही, त्या लेन्स मर्यादेच्या कितीतरी वर जातात. हंगामात दोनचार वेळाच जाणार असाल तर पुण्याहून भाड्यानं आणा.

दुबई सोडून इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात. हाँगकाँगला विक्रीकरच नाही, पण चिम शा चुई भागात आधी कमी भाव सांगून मग दुसराच माल गळ्यात मारणारी दुकानं कुप्रसिद्ध आहेत. सिंगापूरला २०२४ पासून जीएसटी ९ टक्के. किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी असेल तर परताव्याची सोय आहे. जपानला १० टक्के कर पर्यटकाला माफ, आणि शिंजुकूतली जुन्या लेन्सची दुकानं वस्तूची प्रत प्रामाणिकपणे लिहितात. जुनी लेन्स घ्यायची तर जपानच. तिथली सोनीची बॉडी मात्र घेऊ नका. स्थानिक बाजारासाठीच्या त्या बॉडीत मेनू फक्त जपानीत येतो.

आता इथून स्वतःचा कॅमेरा घेऊन जाणारे. निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर त्यावर येतात आणि परतताना ती वस्तू तुमचीच जुनी म्हणून दाखवता येते. त्यासाठी जरा लवकर पोहोचा. सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या साध्या बॅटरीला अडचण येत नाही, पण व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या बॅटऱ्या १०० वॉट-तासांच्या वर गेल्या की विमान कंपनीची परवानगी आधी काढावी लागते.