‘वाढीचं पाणी आहे, शेठ’

सारंगखेड्याच्या यात्रेत मी घोडा घेतलेला नाही, हे आधीच सांगतो. तापीकाठच्या त्या घोडेबाजाराला उगाच बोल नको. दत्तजयंतीला तिथं गेलो, दोन दिवस घोडे बघत हिंडलो आणि डोक्यात खूळ घेऊन घरी आलो. फसलो ते महिन्याभरानं, एका दलालाच्या मार्फत, व्यापाऱ्याच्या अंगणात. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा मारवाडी वछेरा (तरणा घोडा), कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. ‘तिसरं वर्ष संपत आलंय, बसा आणि फिरवा.’ १,८५,००० रुपयांना सौदा ठरला.

घोडा मऊ वाळूत फिरवून दाखवला. मागच्या दोन्ही पायांना लाल पट्ट्या गुंडाळल्या होत्या. त्या सोडायला लावल्या, एवढी अक्कल शाबूत होती. घोट्याच्या सांध्यावर (मागच्या पायाचा मधला, मागे वळलेला सांधा), पुढच्या अंगाला, लिंबाएवढा फुगवटा. एकीकडून दाबला की दुसरीकडे वर यायचा. दुसऱ्या पायालाही हुबेहूब तसाच.

‘वाढीचं पाणी आहे, शेठ,’ व्यापारी म्हणाला. ‘मार लागला असता तर एकाच पायाला आलं असतं. दोन्हीकडे सारखं म्हणजे ही त्याची ठेवणच.’

तर्क पटला. खरं सांगू? आजही ऐकायला पटतो, म्हणून तर हे लिहितोय.

वर कौतुक म्हणून खुराक सांगितला: हरभरा, भरपूर गव्हाचा कोंडा, दूध, तूप. ‘बघा कसा टरारून वाढलाय.’ मी मान डोलावली.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची पावलं आखडली. डॉक्टर आले. त्यांनी आधी ओठ उचलून दात बघितले. समोरचे मधले दातही अजून दुधाचेच. ते साधारण अडीच वर्षांचा झाल्यावर पडतात, म्हणजे वछेरा जेमतेम दोनचा, आणि त्याच्या पाठीवर माणूस बसून झालेला. मग त्यांनी मागचा पाय वर दुमडून मिनिटभर धरला आणि सोडताच त्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवायला लावलं. पहिली दहा-बारा पावलं तो उघड उघड लंगडला. ‘तिथं नव्हता लंगडत?’ नव्हता. ‘मग फेनिलब्युटाझोनची, म्हणजे वेदना दाबणाऱ्या औषधाची पुडी पोटात असणार. तिचा असर एक-दोन दिवस पुरतो.’ पोटात काय होतं हे आता सिद्ध करता येत नाही. सौद्याच्या दिवशीच रक्ताचा नमुना काढून ठेवला असता, तर करता आलं असतं.

एक्स-रेमध्ये दोन्ही घोट्यांत, नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी, हाडाचा एकेक सुटा तुकडा दिसला. मी फिल्मचा फोटो व्यापाऱ्याला पाठवला आणि पैसे परत मागितले.

खरी फसवणूक इथून पुढे. तासाभरात त्याचा फोन. आवाज एकदम हळवा. ‘अरेरे शेठ, हाड मोडलं की हो! तुमच्याकडेच मोडलं, माझ्याकडे तर पळत होता. मोडक्या पायाचा घोडा जगतो होय? मारावाच लागतो. तरी माझ्या हातचं जनावर आहे, चाळीस हजार देतो, गाडी उद्याच पाठवतो.’

घोड्याचा पाय मोडला की गोळी, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मला रात्रभर झोप नाही. सकाळी हो म्हणणार होतो, पण त्याआधी डॉक्टरांना विचारलं.

ते चिडले. म्हणाले, ही भीती खोटी नाही, पण ती इथं लागू नाही. घोड्याच्या गुडघ्याखाली आणि घोट्याखाली मांस जवळपास नसतंच. हाड, दोरीसारख्या कंडरा आणि कातडी. हाड फुटलं तर टोक सहज कातडीबाहेर येतं, रक्तपुरवठा कमी म्हणून भरून यायला वेळ लागतो, आणि एवढं वजन तीन पायांवर पेलताना धड पायाचा खूरच आतून सुजून हाडापासून सुटू लागतो. त्यांनी अमेरिकेतल्या बार्बारोचं सांगितलं. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेला हा घोडा दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत मागच्या उजव्या पायाची हाडं फोडून बसला. धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून हाडं जुळवली, पण दुसऱ्या पायाच्या खुराला लॅमिनायटिस, म्हणजे हीच आतली सूज झाली आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावं लागलं.

‘आणि हे?’ फिल्म उजेडाला धरून त्यांनी पेनानं दाखवलं. तुकड्याच्या कडा नदीतल्या गोट्यासारख्या गोल. ताजं मोडलेलं हाड असं दिसत नाही, त्याच्या कडा धारदार असतात. शिवाय दोन्ही पायांत, त्याच ठरलेल्या जागी. हा वाढीतला दोष, ऑस्टिओकाँड्रोसिस. शिंगरू वाढताना सांध्यातल्या कूर्चेचं हाड नीट बनत नाही, कच्चा राहिलेला भाग सुटतो आणि सांध्यात पाणी भरतं. म्हणजे ‘दोन्हीकडे सारखं’ हीच आजाराची खूण होती, आणि मला ती निरोगीपणाचा दाखला म्हणून विकली गेली! अनुवंश असतो, तांब्यासारख्या खनिजांची कमतरता असते, आणि दाण्यावर झपाट्यानं वाढवणं हेही कारण. कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नावाला, ते हाडांना आणखी वाईट. ज्या खुराकाला मी मान डोलावली, तोच.

असा तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं काढता येतो, आणि या सांध्यातला काढल्यावर पुष्कळ घोडे चांगलं काम करतात. व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. चाळीस हजारांत नेऊन, चार दिवस पुडी देऊन, दुसऱ्या कुणाला पुन्हा दीड-दोन लाखांना.

वछेरा मी ठेवला. हरभरा बंद, कोंडा बंद. लसूणघास, सुका चारा आणि डॉक्टरांनी दिलेलं खनिज मिश्रण. पाठीवर कुणी नाही. शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवतोय. पावतीवर फक्त ‘घोडा नग १, रोख मिळाले’ एवढंच आहे. वय नाही, तब्येतीचा शब्द नाही. वकिलानं ती वाचून मला परत दिली. दोन्ही घोट्यांच्या एक्स-रेला आलेला खर्च त्या दिवशी हौसेनं घेतलेल्या गोंडे आणि घुंगरांच्या साजापेक्षा कमी होता. साज अजून पेटीतच आहे.

दलालानं परवा नवा व्हिडिओ टाकलाय. करडा वछेरा, मऊ वाळू, मागच्या दोन्ही पायांना लाल पट्ट्या.