घर बाहेरून धुऊन घेतल्याला वर्ष होत आलं, पायऱ्या अजून पांढऱ्याच

गेल्या दिवाळीआधी दीड मजली घर बाहेरून पूर्ण धुऊन घेतलं. समोरची आणि पश्चिमेची बाजू जेट मशीनवाल्या एजन्सीला पॅकेजवर दिली, मागची आणि बोळीकडची बाजू ठिय्यावरच्या दोन मजुरांना रोजीवर. आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा भिंतींवरून गेलाय.

आधी पायऱ्या. पोर्चच्या तीन पायऱ्या, पॉलिश केलेला कोटा. एजन्सीच्या माणसानं अगदी शेवटी बाटलीतलं ॲसिड ओतलं आणि खराट्यानं पसरवलं. ‘ॲसिड मारलं का चकाचक होते भाऊ, फेस आला म्हणजे मळ निघून राहिला.’ हिशेब ओल्या पायऱ्यांवर झाला, आणि ओला कोटा नेहमीच काळाभोर, चमकदार दिसतो. ऊन लागल्यावर दगड खडूसारखा पांढरा पडला.

तो फेस मळाचा नसतोच. कोटा, शहाबादी आणि मार्बल हे तिन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे दगड. बाजारातलं म्युरिॲटिक म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड त्यावर पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, फेस तोच. निघतो तो दगडाचा वरचा थर, म्हणजे पॉलिश. ग्रॅनाइटला एवढा धक्का बसत नाही, पण त्यात लोह असेल तर पिवळे डाग उमटतात. व्हिट्रिफाइड टाइल टिकते, तिच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं. दगड कोणता ते ठरत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब पाच मिनिटं ठेवा आणि पुसून वाळू द्या. डाग निस्तेज दिसला तर त्या दगडाला ॲसिड, व्हिनेगर, सायट्रिक, काहीच लावायचं नाही. कोट्याला १५ लिटरच्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.

तक्रारीवर एजन्सीचं उत्तर आलं की दगडच हलका आहे. मग माणूस पाठवला, त्यानं तेलाचा हात फिरवला. आठवडाभर चमक राहिली, नंतर त्याच तेलावर धूळ बसून पायऱ्या काळपट झाल्या. ॲसिडनं खाल्लेल्या कोट्याला खरा उपाय एकच: मशीनवर जाड्या दगडापासून बारीक दगडापर्यंत क्रमानं घासाई आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडरचं पॉलिश. तीन पायऱ्यांसाठी कोणी मशीन आणत नाही. आणलं तर अख्ख्या दिवसाचे पैसे सांगतात. तेवढ्या पैशांत मागची भिंत पुन्हा धुऊन होईल.

ॲसिडच्या वाफेचंही तेच. पायऱ्यांशेजारच्या स्टीलच्या रेलिंगवर तपकिरी ठिपके आले. क्लोराइड स्टेनलेसलाही खातं, स्वस्तातल्या २०२ ग्रेडला तर लवकरच. ठिपके नायलॉनच्या पॅडनं काढा. तारेच्या घासणीचे तुकडे मागे राहतात आणि तेच गंजतात. स्लायडिंग खिडकीचा ॲल्युमिनियमचा ट्रॅकही ॲसिडजवळ नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर काउंटरवर ॲसिड विकताना ओळखपत्र आणि नोंदवही लागते. सफाईवाल्याच्या पिशवीत बिनलेबलची बाटली दिसली तर ती गेटबाहेर ठेवायला सांगायची. एवढं एक बोलून काम सुरू केलं तरी निम्मं भांडण वाचतं.

आणि जीवाचा प्रश्न: भिंतीवरच्या काळ्या शेवाळासाठी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण) वापरतात. हायपो आणि ॲसिड एका बादलीत किंवा एकाच ओल्या जागेवर आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद पोर्चमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

शेवाळाचं काम मात्र हायपोच करतं. १० टक्क्यांचं हायपो १ लिटर आणि पाणी ९ लिटर, म्हणजे १ टक्का. उघडा कॅन महिनोन्महिने पडलेला असेल तर त्यात जोर उरत नाही. आधी झाडं भरपूर पाण्यानं भिजवा. द्रावण भिंतीवर खालून वर मारा, १० ते १५ मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका आणि वरून खाली साध्या पाण्यानं धुवा. वरून मारलं तर ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांच्या रेषा राहतात. पेंट नवा असेल तर महिनाभर थांबा. नागपुरात ऊन सांभाळावं लागतं: पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर साबण वाळला तर चट्टे पडतात. कूलरखालच्या पांढऱ्या ओघळांना (बोअरचं पाणी, दुसरं काय) एका लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक, पेंटवर दोन-तीन मिनिटं आणि लगेच पाणी. खाली कोटा असेल तर त्यावर आधी प्लास्टिक.

दिवाळीत जेटची बाजू सरस वाटली होती. पावसाळ्यानंतर मत फिरलं. खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट जेटनं उचकटलं होतं. जुलैत तिथूनच आत ओल आली. टेक्श्चरवर दोन ठिकाणी पेंटचे पापुद्रे सुटले. ब्रशनं घासलेल्या बाजूला यातलं काही नाही. दोष मशीनचा कमी, नोझलचा जास्त. लाल नोझल म्हणजे शून्य अंश, सरळ धार, ते भिंतीवर आणूच नये. पांढरं, ४० अंशाचं लावून निदान एक फूट अंतर ठेवायचं आणि धार खालच्या दिशेनं सोडायची. एसीच्या आउटडोअर युनिटवर धार मारली तर मागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या (फिन्स) वाकतात. त्याला एमसीबी बंद करून साधा पाइप. मशीनचा प्लग ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीवरच (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, जोडवायरचा सांधा जमिनीवर नको, मीटरपेटीला प्लास्टिक.

उंचीच्या कामात ठिय्यावाले कच्चे. बोळीतून विजेच्या तारा जात असतील तर ॲल्युमिनियमची शिडी नको. शिडी चार फूट उंचीला एक फूट पायथा सोडून टेकवा, खाली एक जण धरायला. झुल्यावर काम असेल तर आयएस ३५२१ छापलेला पूर्ण अंगाचा हार्नेस, त्याची दोरी झुल्याच्या दोरीपासून वेगळी, आणि तीही पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधायची नाही.

दर ठरवताना मोजणी आधी. घराचा परीघ १३० फूट आणि उंची २२ फूट, तर भिंत २,८६० चौरस फूट. काचा आणि ग्रिलचे वेगळे पैसे घेणार असतील तर खिडक्यांचं क्षेत्र यातून वजा करायला लावा, नाहीतर एकाच जागेचे दोनदा जातात. रोजीवर दिलं तर काम रेंगाळतं, ठेक्यावर दिलं तर ॲसिड निघतं. रोजी परवडली. काही रक्कम दुसऱ्या दिवशी, सगळं वाळल्यावर द्यायची, हे बोलणी करतानाच सांगा.

यंदा भिंतींना तेच दोन मजूर, कोजागिरीच्या आसपास, दिवाळीची भाववाढ सुरू व्हायच्या आत. जेट भाड्यानं फक्त अंगणातल्या पेव्हर ब्लॉकसाठी. सांध्यांतली वाळू त्यानं उडते, म्हणून दोन घमेली बारीक वाळू आधीच आणून ठेवायची आणि ब्लॉक वाळल्यावर झाडूनं भरून घ्यायची.